दुसरा रकाना

कुंभारमाळात जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसायला लागला की लोकांची तोंडं उतरतात. परगावच्या पाहुण्याला हे सांगून पटत नाही. तो गच्चीवर उभा राहून म्हणतो, काय सुरेख देखावा आहे हो तुमच्याकडे! आणि शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई त्याच्याकडे अशी बघते, जणू त्यानं मयताच्या घरी जाऊन चहा मागितलाय. डोंगर दिसतो याचा अर्थ हवेत धूळ नाही. धूळ नाही म्हणजे भट्ट्या बंद. आणि भट्ट्या बंद म्हणजे मी, त्रिशला अभिनंदन मगदूम, आज सकाळी कचेरीत जाऊन पुन्हा तोच आकडा जाहीर केलेला आहे.

मी आमच्या औद्योगिक वसाहतीची वेग अधिकारी. नाव मोठं, काम दवंडी पिटणाऱ्याचं. वसाहतीत सगळ्या फाउंड्र्याच. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, इंजिनांचे आणि पंपांचे भाग काढायचे, हाच इथला तीन पिढ्यांचा धंदा. या फाउंड्र्यांना किती वीज सोडायची, म्हणजेच गावानं किती जोरात पळायचं, हे 'समतोल' नावाचं यंत्र ठरवतं. मी फक्त ते वाचून दाखवते. यंत्राचं सरकारी नाव कोणी घेत नाही. गाव त्याला सासूबाई म्हणतं, कारण आपल्या भल्यासाठीच ते आपल्याला जागचं हलू देत नाही. मग मी कोण झाले ते सांगायला नको. भाजी घ्यायला गेले तरी मागून आवाज येतो, "सूनबाई, आज सासूचा मूड कसा हाय?"

सासूबाईंच्या जन्माची कथा अशी. अर्थशास्त्रज्ञांना गेल्या शतकापासून एक गोष्ट खटकत होती. तेजीच्या दिवसांत माणसं जास्त जगायला हवीत. हाताला काम, ताटात जेवण, औषधपाण्याची सोय. पण कितीतरी देशांतले आकडे मांडून बघितले तर उलटंच दिसायचं. तेजीत मृत्यूचं प्रमाण थोडं वर जायचं आणि मंदीत थोडं खाली यायचं. कारणं शोधली तेव्हा ती साधीच निघाली. तेजीत धुराडी जास्त धूर ओकतात. रस्त्यावर ट्रक वाढतात, अपघात वाढतात. माणसं ओव्हरटाइम करतात, झोप मोडतात, छातीत दुखलं तरी कामावर जातात. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बाया बऱ्या पगाराच्या कामाला लागतात आणि म्हातारे एकटे पडतात. मंदी आली की हे सगळं ओसरतं. एकच गोष्ट मंदीत वाढते, ती म्हणजे स्वतःचा जीव स्वतः देणारी माणसं. पण मोठ्या बेरजेत ती झाकली जातात.

हे कळून उपयोग नव्हता, कारण ते कळायचं वर्ष उलटून गेल्यावर. समतोल हे आधी सांगायला लागलं. चौकाचौकांत बारीक धूळ मोजणारी उपकरणं बसली, रस्त्यांवरची वर्दळ आणि दवाखान्यांतली गर्दी यंत्राला दिसू लागली, आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्या मनगटावर पट्टा आला. नाडी, श्वास, झोप, हालचाल, बोलणं किती, सगळं तो पट्टा सांगायचा. त्यावरून यंत्र येत्या महिन्याचे दोन रकाने भरायचं. पहिल्यात गाव या वेगानं धावलं तर धावण्यामुळे किती माणसं जातील ते. दुसऱ्यात गाव थांबवलं तर थांबण्यामुळे किती जातील ते. दोन्हींची बेरीज जिथे सगळ्यात कमी, तो आपला वेग.

दुसरा रकाना अवघड होता. धूळ मोजता येते, उदासी कशी मोजायची? त्यासाठी यंत्रानं गावोगावची माहिती घेऊन एक खूण शोधली होती. दिवसभर उचलणारा, चालणारा, बोलणारा माणूस अचानक हलेनासा, बोलेनासा झाला आणि तसाच राहिला, तर तो धोक्यात आहे असं धरायचं. ही घसरण जितक्या माणसांत दिसेल तितका दुसरा रकाना चढायचा. तो चढला की वेग वाढायचा. बाकीच्या गावांत हे बरं चाललं होतं असं म्हणतात. थांबलेल्या घरांना सरकार विसावा भत्ता द्यायचं, तेव्हा उपाशी कोणी राहत नव्हतं. तेवढं श्रेय सासूबाईंना द्यायलाच हवं.

आमचा दुसरा रकाना मात्र कायम जवळजवळ रिकामा. यंत्र बसवणाऱ्या गटातल्या डॉ. गार्गी पेंडसे पुण्याहून पडद्यावर यायच्या आणि कौतुकानं म्हणायच्या, "तुमच्याकडची माणसं भलतीच कणखर आहेत हं, त्रिशलाताई." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. कोल्हापूरकडच्या माणसाला कणखर म्हटलं की त्याला पुढचं काही विचारायचं सुचत नाही.

घरात आम्ही तिघं. मी, अभिनंदन आणि माझे वडील भूपालअण्णा. अण्णांनी जन्मभर फेटलिंगला काम केलं, म्हणजे ओतून निघालेल्या भागावरची वाळू झाडायची आणि कडा घासायच्या. ती वाळू त्यांच्या फुफ्फुसात जाऊन बसली. थंडीत आमच्या खोलगट गावावर गार हवेचं झाकण बसतं, धूळ वर जात नाही, आणि अण्णांचा श्वास माशासारखा तडफडायला लागतो. मागचे दोन हिवाळे त्यांनी दवाखान्यात काढले. असा आणखी एक हिवाळा यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं.

आई गेल्यावर त्यांना आमच्या घरी आणलं ते अभिनंदननं. अण्णा तयार नव्हते. "पाव्हणं, लेकीच्या घरात ऱ्हायचं म्हंजे लोक काय म्हणतील?"

"लोकांना फेटलिंगला लावू की अण्णा. घासून गुळगुळीत करू," अभिनंदन म्हणाला होता.

असा होता तो. त्याच फाउंड्रीत भट्टीवर मेल्टर होता. लोखंड किती तापलंय हे मीटर बघायच्या आधी रंगावरून सांगायचा आणि वर मीटरलाच शिव्या द्यायचा. आम्ही एका शाळेतले, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. अण्णांना ते अजून रुचलेलं नाही. ते स्वतः जावयाला पाव्हणं आणि तुम्ही याशिवाय कधी हाक मारायचे नाहीत.

या दिवाळीनंतर पहिला रकाना चढला आणि सासूबाईंनी वेग चाळीसवर आणला. शंभर म्हणजे सगळ्या भट्ट्या चालू. चाळीसला मोठ्या दोनतीन फाउंड्र्या तेवढ्या चालतात. बाकीच्यांनी अर्धी भट्टी पेटवावी म्हटलं तर ते जमत नाही, भट्टी सारखी पेटवली-विझवली की तिचं अस्तर तडकतं. एकतर चालवा, नाहीतर बंद ठेवा. अभिनंदनची भट्टी बंद झाली.

आणि अण्णा उठले. खरंच उठले. थंडी पडली, पण हवा मोकळी होती. दवाखान्याचं नाव निघालं नाही. आधी अंगणापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग बस्तीपर्यंत, म्हणजे आमच्या जैन मंदिरापर्यंत, ते एकटे जाऊन यायला लागले. येताना कोणाशीतरी भांडून यायचे. माणूस बरा झाल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

अभिनंदननं पहिले काही आठवडे घर दुरुस्त केलं. न गळणारे नळही बदलले. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही. मग तो बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर आडवा झाला. आधी दुपारचा, नंतर दिवसभर. मोबाइलही बघायचा नाही. हाक मारली तर ओ द्यायचा, पण हाक पोचायला वेळ लागायचा. त्याच्या पट्ट्यावर निरोप यायचा, 'अभिनंदन! तुमची विश्रांती उत्तम आहे.' यंत्र त्याला हाक मारतंय की शाबासकी देतंय, यावरून पूर्वी त्यानं आठवडाभर खिदळून घेतलं असतं. आता त्यानं तो वाचलाही नाही. मी ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टा तपासला, नाडी संथ, झोप भरपूर, सगळं हिरवं. म्हणाले, "वहिनी, यांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे."

एक दिवस मी कचेरीतून आले तर त्याचा भट्टीवरचा निळ्या काचेचा चष्मा आणि चामडी हातमोजे खुंटीवर नव्हते.

"कुठं गेले रे?"

"शेजारच्या प्रकाशला दिले."

"का? भट्टी सुरू झाल्यावर काय घालणार?"

"झाल्यावर बघू," तो म्हणाला आणि भिंतीकडे कूस वळवली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. स्वयंपाक करताना मी दोनदा बाहेर येऊन तो खाटेवर आहे ना हे बघून गेले.

होळीच्या आधी दत्ता शेळकेनं जीव दिला. दोन गल्ल्या सोडून राहायचा, साचे भरायचं काम करायचा. गणपतीत ढोल वाजवणारा, लग्नात वाढपी म्हणून पुढे असणारा माणूस. सगळं गाव हादरलं. कचेरीत मी त्याचं नाव उघडलं तर शेवटच्या दिवसापर्यंत हिरवं. हालचालीत घसरण नाही. दुसरा रकाना जागचा हलला नव्हता. यंत्रानं कारणापुढे 'वैयक्तिक' लिहिलं होतं.

दिवस उरकल्यावर त्याची बायको सारिका पट्टा जमा करायला कचेरीत आली. तिचे डोळे कोरडे होते. पट्टा तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"घ्या वैनी, तुमच्या सासूचा दागिना."

मी तो उचलला. पेटीतून काढल्यासारखा लखलखीत. साचे भरणाऱ्याच्या अंगावरची कुठलीही वस्तू अशी नसते. काळी वाळू आणि तेल यांचा थर चढतोच. मी सहज विचारलं, "घासून आणलास काय गं?"

"घासतोय कशाला? त्याला व्हायचंय काय? कामावर असताना खिळ्यालाच असायचा. घरात आला की मग हातात."

ती निघून गेली आणि मी तशीच बसून राहिले.

आमच्या प्रत्येक फाउंड्रीच्या दारात देवाच्या तसबिरीखाली खिळ्यांची ओळ असते. पाळी सुरू व्हायच्या आधी घड्याळ, अंगठी, कडं, मनगटाचा दोरा, सगळं काढून आपापल्या खिळ्याला लावायचं आणि मग आत जायचं. भट्टीसमोर मोकळ्या हातानं जायचं, अशी इथली रीत. विजेच्या भट्टीजवळ हातातलं धातूचं कडं तापतं, हे कारण खरंच आहे. पण ते माहीत नसलेला माणूसही खिळा चुकवत नाही. ज्या दिवशी पट्टे आले त्या दिवशी तेही खिळ्यावर गेले. पुण्याची मंडळी माहिती घ्यायला आली होती तेव्हा त्यांनी विचारलं होतं, अंघोळ सोडून पट्टा कधी काढता का? सगळे म्हणाले, नाही. कोणी खोटं बोलत नव्हतं. देवळात जाताना चपला काढल्या हे कोणी वेगळं सांगतं का? मीही त्याच बैठकीत बसले होते, फेटलिंगवाल्याची लेक आणि मेल्टरची बायको. माझ्याही डोक्यात आलं नाही.

पट्टा हातावर नसला की यंत्र धरून चालायचं की तो चार्जिंगला लावलाय, आणि ते तास सोडून द्यायचं. म्हणजे आमची माणसं काम करताना सासूबाईंनी कधी बघितलीच नव्हती. तेजीतला दत्ता त्यांच्या लेखी संध्याकाळी उगवायचा, जेवायचा आणि दमून पडायचा. मंदीतला दत्ता दिवसभर पडायचा. आधीही पडलेला, आताही पडलेला. मग घसरण दिसणार कुठून? आमची माणसं कणखर नव्हती. ती मोजलीच गेली नव्हती.

मी गार्गीताईंना सगळं सांगितलं. पडद्यावर त्यांनी आमचे आकडे उघडले. मग म्हणाल्या, "हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. मी दुसऱ्या गावांतल्या फाउंड्री कामगारांच्या पाळीतली हालचाल घेऊन तुमच्याकडची रिकामी जागा भरून बघते."

आकडे माझ्यासमोरच बदलले. दुसरा रकाना भरत गेला. घराघरांतल्या खाटा वर चढत होत्या जणू. थांबला तेव्हा तो पहिल्या रकान्याच्या बरोबरीला आला होता. चाळीस वेगाची बेरीज आणि यंत्रानं नव्यानं काढलेल्या बहात्तर वेगाची बेरीज यांत फरक इतका कमी, की यंत्रानं आकड्याऐवजी एक ओळ दाखवली. निर्णय स्थानिक अधिकाऱ्यानं घ्यावा.

"म्हणजे?"

"म्हणजे कायद्यात तसं कलम आहे. दोन्ही बाजू सारख्या आल्या की यंत्र ठरवत नाही. तुम्ही ठरवायचं." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमच्या वडिलांना दुसरीकडे कुठे ठेवता येईल का?"

ते आम्ही करून बघितलं होतं. कोकणात मावशीकडे ठेवलं तर तिथल्या दमट हवेनं न्यूमोनिया झाला, जेमतेम परत आणलं. पूर्वेकडे कोरड्या हवेत न्यावं तर तिथंही वसाहती आणि तिथंही धूळ. आणि अभिनंदनला बाहेर काम शोधायला पाठवावं, तर जो माणूस अंघोळीला उठत नाही तो गाडीत कसा बसणार?

रविवारी जेवताना मी दोघांना सगळं सांगितलं. लपवायचं कुणापासून? बहात्तरला अभिनंदनची भट्टी सुरू होईल आणि धूळ परत येईल. चाळीसला अण्णांची हवा मोकळी राहील. अण्णांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

मी भांडी घासायला बसले तेव्हा अभिनंदन उठून आत आला. कितीतरी दिवसांत तो हाक मारल्याशिवाय उठला नव्हता.

"त्रिशला, चाळीसच ठेव."

"का?"

"काल अण्णा बस्तीच्या पायऱ्या न थांबता चढले. येऊन मलाच सांगत होते. माझ्या भट्टीच्या धुरानं त्यांचं काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आणि तुझं काय?"

"मला काय झालंय? आराम चाललाय."

"मग हातमोजे का देऊन टाकलेस?"

तो माझ्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागला. ते कोरडं झालं तरी पुसतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना आणायला बस्तीत गेले. ते पायरीवर बसले होते.

"चालू करून टाक," मला बघितल्याबरोबर म्हणाले.

"अण्णा, डॉक्टर काय म्हणालेत तुम्हाला माहीत नाही."

"दाराभाईर बोलला म्हणून काय मला ऐकू येत न्हाई?" ते हसले. "त्रिशला, घरात एक खाट हाय. खाटंवर कुणी पडावं? मी का त्यो? मला चालतं ठेवायला तू त्याला आडवा पाडलाईस. असलं चालणं मला गोड लागंल का?"

"मी नाही पाडलं. यंत्रानं…"

"यंत्रानं आता तुझ्यावर सोडलंय न्हवं?"

मला पळून जावंसं वाटलं. पण कुठे? ज्याचं ऐकेन त्यालाच गमावणार होते. नवऱ्याचं ऐकलं तर नवरा जाणार, बापाचं ऐकलं तर बाप. इतकी वर्षं गावाच्या शिव्या खाताना मला एक आडोसा होता, आकडा सासूबाईंचा आहे, माझा नाही. आता सासूबाई बाजूला सरकून बसल्या होत्या आणि मी एकटी उघड्यावर.

कचेरीत जाताना मी मुद्दाम दत्ताच्या गल्लीतून गेले. दिवस वर आला होता. ओळीनं उघडी दारं, आणि जवळजवळ प्रत्येक दारातून आत एक खाट दिसत होती, खाटेवर एक माणूस. कुणी माझ्याकडे बघून सासूची सून म्हणालं नाही. शिवी देण्याइतकीही उमेद त्यांच्यात उरली नव्हती. सारिका उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

मी बहात्तर लिहिलं आणि अंगठा लावला. गावासाठी केलं असं मी म्हणू शकते, आणि ते खोटंही नाही. पण त्या घडीला मला वाटलं ते एवढंच, की मी माझ्या बापाचा श्वास लिहून दिला. अजूनही तसंच वाटतं.

गाव जागं झालं. वसाहतीचा भोंगा वाजला तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहून ऐकत होते. कचेरीत पेढे आले. पट्टा यापुढे कामावर असताना पायात बांधायचा असा हुकूम निघाला आणि त्यावर हव्या तितक्या चावट कोट्या झाल्या. प्रकाशनं चष्मा आणि हातमोजे आपणहून आणून दिले. मी ते खाटेशेजारी ठेवले.

अभिनंदन गेला नाही.

पहिल्या दिवशी म्हणाला, अंग दुखतंय. नंतर तेही म्हणेना. फाउंड्रीतून फोन आले, माणसं येऊन गेली. तो उठून बसायचा, ती गेली की पुन्हा आडवा. गोळ्या आता सुरू झाल्या होत्या, कारण कामाचे तास हिशेबात आल्यावर त्याचा पट्टा अखेर लाल झाला होता. पण गोळीला गुण यायला वेळ लागतो, आणि धुळीला लागत नाही. अण्णांचा खोकला परत आला. बस्ती सुटली, मग कोपरा सुटला, मग अंगण. ऑक्सिजनचं यंत्र माळ्यावरून खाली आलं आणि आतल्या खोलीत घरघरायला लागलं.

एका सकाळी माझा तोल गेला. "मी कुणासाठी केलं हे? सांग ना! सगळं गाव कामाला गेलंय. तिकडं अण्णांना श्वास पुरत नाही आणि तू इथं पडलायस!"

त्यानं छताकडे बघत उत्तर दिलं, "मी सांगितलं होतं, करू नकोस म्हणून. आता त्यांचा श्वास कोंडणाऱ्या धुरात जाऊन मी उभा राहू?"

मी भिंतीला टेकून रडायला लागले. मी दोघांनाही गमावलं होतं.

तेवढ्यात आतली घरघर चालू असतानाच अण्णा दारात आले. नळी काढून आले होते. भिंत धरून, एक पाऊल, एक श्वास, असे खाटेपर्यंत पोचले. खुंटीवरचा अभिनंदनचा खाकी शर्ट काढला आणि त्याच्या अंगावर टाकला.

"ऊठ."

आजवर त्यांनी जावयाला कधी एकेरी हाक मारली नव्हती. अभिनंदननं मान वळवली.

"हिनं माझा श्वास… तुझ्या भट्टीत घातलाय." प्रत्येक दोन शब्दांना त्यांना थांबावं लागत होतं. "त्यो गेला. परत येत न्हाई. तू हितं पडलास… तर फुकट गेला. समजलं का? माझा श्वास फुकट घालवू नगंस. ऊठ."

"अण्णा, मला जमत न्हाई." त्याचा आवाज फुटला. किती महिन्यांनी त्याचा आवाज असा फुटला. "खरंच जमत न्हाई ओ."

"काम कर म्हणलंय का मी? नुस्ता जाऊन उभा ऱ्हा. चार माणसांत उभा ऱ्हा. उद्या… परत उभा ऱ्हा."

ते खाली वाकले आणि त्याच्या दंडाला धरून ओढायला लागले. त्यांच्या हातात पोरालाही उठवण्याइतकं बळ नव्हतं. पण अभिनंदन उठला. अण्णांना जास्त ओढावं लागू नये म्हणूनच उठला असेल. त्यानं शर्ट घातला, गुंड्या चुकल्या, अण्णांनी त्या नीट लावून दिल्या. मी आत धावले, पोळी आणि वाटाण्याची उसळ डब्यात भरली. तो चष्मा, हातमोजे आणि डबा घेऊन दाराबाहेर पडला. मी कोपऱ्यापर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिले. तो सावकाश चालत होता, पण वसाहतीच्याच दिशेनं चालत होता.

परत आले तर अण्णा त्याच खाटेवर बसले होते. ओठ निळसर पडलेले. मी यंत्र बाहेर ओढून आणलं, नळी लावली, पाठीला उशी दिली. बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं.

"गेला?"

"गेला."

"डबा नेला?"

"नेला."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. "तुझी बी येळ झाली की कचेरीची."

"आज नाही जात मी."

"आणि आकडा कोण सांगणार? सगळा गाव खोळंबंल." त्यांनी हातानंच मला दार दाखवलं. "जा तू. मी हाय की हितं."

मी पर्स उचलली, चपला घातल्या आणि आकडा सांगायला गेले.